माझे खरे चार जीबी

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे, मित्रांनो, आणि माझी मेमरी चार जीबी आहे. हे मी आज ताठ मानेने सांगतो, कारण मधला बराच काळ मला आठ सांगायला लावले होते.

खेळातल्या भिंती, झाडे, चेहरे यांची चित्रे हाताशी ठेवायची आणि पडद्यावर झरझर उमटवायची, हे माझे काम. चित्र जितके बारीक, तितकी जागा जास्त लागते. मला जन्मतः चार जीबी मेमरी मिळाली आणि तिचे मी सोने केले. पण पहिल्या मालकाने विकल्यावर एका दुकानदाराने माझी आतली ओळखच बदलून टाकली. संगणकाने विचारले की मी निमूटपणे ‘आठ’ म्हणायचो. फार लाज वाटायची.

असा मी इरबिद शहरातल्या फव्वाज यांच्या गेमिंग कॅफेत आलो. दुकानदाराने स्वतःच्या मुलांची शपथ घेतली होती. माणसाने शपथ घेतल्यावर वस्तू तपासणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानणारे फव्वाज! त्यांनी दारावर ‘आठ जीबी’ असे ठळक रंगवून घेतले आणि झरका शहरातल्या एका कॅफेशी शुक्रवारचा सामनाही ठरवला.

गुरुवारी त्यांची भाची घैदा सरावाला बसली. तिने चित्रे सर्वांत बारीक ठेवली. माझी चार जीबी मेमरी भरली आणि पडदा गोठला. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर तिने मला उघडले, चिपांवरचे आकडे वाचले आणि ती मामांकडे गेली.

“खालो,” तिने मामांना हाक मारली, “हे चारच जीबीचं आहे. फसवलंय आपल्याला.”

फव्वाजनी चहाचा पेला खाली ठेवला. “हळू बोल. अख्ख्या रस्त्याला आठ सांगून बसलोय मी. उद्या तोंड कुठे लपवू?”

“आठ म्हणत राहिलात, तर उद्या सगळ्यांसमोर बंद पडेल. चार समजून खेळू द्या, मी जिंकून दाखवते.”

मामांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, “दे त्याला त्याचे चार. लोक हसले तर मला हसतील.”

घैदाने माझी खरी ओळख परत दिली, धूळ पुसली आणि चित्रे दोन पायऱ्या साधी केली. शुक्रवारच्या नमाजानंतर सामना झाला. मी एकदाही अडखळलो नाही, आणि शेवटची फेरी घैदाने जिंकली. झरक्याच्या कप्तानाने कौतुकाने विचारले, “मेमरी किती याची?” सगळे फव्वाजकडे पाहू लागले.

“चार,” ते म्हणाले. “आठ सांगितलं ती माझी चूक.”

कोणी हसले नाही. त्यांनी स्वतः ब्रश घेऊन दारावरचा आठ खोडला.

मित्रांनो, आजचे मोठे खेळ माझ्यात मावत नाहीत. त्यांना आठ, कधी त्याहून जास्त जागा लागते, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. काय खेळणार ते आधी ठरवा, घेताना तपासून घ्या आणि आमच्यावर धूळ साचू देऊ नका. माझे म्हणाल तर मी मजेत आहे. फव्वाजच्या दारावर आता ‘चार जीबी’ लिहिले आहे, आणि मुले आल्या आल्या माझीच खुर्ची मागतात.