माझ्यामागे खोलीच नव्हती

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हणजे एक वर्ष आठ महिन्यांचा. माझ्या चौकटीवरची वाळवी एका मंगळवारी दुपारी चहा पिता पिता रंगवण्यात आली. मी एका भुताच्या व्हिडिओ गेममध्ये राहतो. जिना चढून डावीकडे.

मला ताईने घडवलं. सुताराला करवत लागते, तिला संगणक आणि पाठीला गरम पाण्याची पिशवी लागायची. गेममध्ये एक घर आहे. कोडी सोडवत एकेक खोली उघडायची, आणि गाऊन घातलेलं एक भूत मागे लागतं. सगळ्यात शेवटी मी. मी उघडलो की घरातल्या धाकट्याची खोली, आणि खेळ संपला.

माझ्या कुलपाला चार आकडे लागतात. असे दहा हजार आकडे होतात, आणि दहा हजारच्या दहा हजार चुकीचे होते. ताईने उत्तर ठेवलंच नव्हतं, कारण माझ्यामागे खोलीच नव्हती. नुसता करडा रंग. आत पाऊल टाकणारा कायमचा खाली पडत राहिला असता. म्हणून मी ठरवलं, जीव गेला तरी उघडायचं नाही.

गेम बाहेर येण्याआधी तो खेळून पाहणाऱ्यांनी माझं फार कौतुक केलं. एकाने चौदा पानं लिहून सिद्ध केलं, की उत्तर छतावरच्या दोन पालींच्या शेपटीत आहे. दुसरी पाल ताईकडून चुकून पडली होती. गेम बाहेर यायला महिना उरला होता आणि शेवट नव्हता.

मग एका सकाळी ताईची आई खेळायला बसली. तिने आयुष्यात गेम खेळला नव्हता. भुताने तिला एकतीस वेळा पकडलं. "सरक गं बाई," असं ती त्याला दरवेळी म्हणायची. बत्तिसाव्या वेळी तिने चष्मा पुसला.

"हे माझा गाऊन घालून का फिरतंय?"

"तुझा नाही गं. तसाच आहे."

"खिशाचं बटणसुद्धा तसंच तुटलंय? आणि सारखं काय म्हणतं, 'तिकडे जायचं नाही'? मी असं म्हणते?"

"सहा वर्षं म्हणतेयस."

सहा वर्षांपूर्वी ताईचा धाकटा भाऊ सायकलवरून क्लासला निघाला आणि वाटेत ट्रकने त्याला उडवलं. त्याच दिवशी आईने त्याच्या खोलीला कुलूप घातलं. त्यानंतर आत कुणीच गेलं नाही.

ताईच्या मदतीने आई माझ्यापर्यंत पोचली आणि तिने माझ्या कुलपाला त्याची जन्मतारीख घालून पाहिली. मी हललो नाही. मलाही वाईट वाटलं, पण पडली असती ती.

"उत्तर काय आहे याचं?"

"नाहीये."

"मग लोकांना काय येडं समजतेस?"

"आई, मला त्याची खोली आठवत नाही. पलंग खिडकीशी होता की भिंतीशी, तेही नाही. कुठून बनवू?"

आई उठून गेली. मायक्रोफोन चालू होता, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. किल्ली फिरली. दार फुगलं होतं. आईने खांदा लावला. एकदा, दोनदा, पाचदा. तिकडचा दरवाजाही माझ्यासारखाच हट्टी निघाला, पण समोर आई होती.

"ये इकडे, वही घेऊन!" तिचा आवाज आला. "आधी खिडकी उघड, कोंदलंय. लिही. पलंग भिंतीशी. खाली मोजे तीन, तिन्ही वेगळे. कार्टं! टेबलावर गणिताची वही, सातवं उदाहरण अर्धवट..."

खिडकी करकरत उघडली.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

अकरा दिवसांत माझ्यामागे खोली झाली. कुलूप आईने काढायला लावलं. आता खेळाडू माझ्यापर्यंत पोचला की गाऊनमधलं भूतच पुढे होतं, मला खांदा लावतं आणि बाजूला उभं राहतं. शेवटच्या खोलीत घाबरण्यासारखं काही नाही, अशी काही जणांची तक्रार आहे. ती बरोबर आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या दरवाजांची काळजी घ्या. बिजागरीला तेल द्या, पण तेवढ्यावर भागत नाही. आम्हाला उघडझाप लागते. दिवसातून एकदा तरी आम्हाला उघडा. आत कुणी नसलं तरी.