दिव्यश्रीचं साल

दिव्यश्रीच्या डोक्यावर दोन हजार पंचवीसचं कर्ज चढलं ते जूनमधल्या एका शनिवारी. ते तिला कुणी दिलं नव्हतं, तिनं कुणाकडे मागितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते नव्हतंच. पण नसलेलं कर्जही असलेल्याइतकंच जड होतं, आणि दिव्यश्री तर नऊ वर्षांची होती.

जयनगरातल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये प्रतिमा टीचर दर शनिवारी मुलांना मराठी वाचायला शिकवायच्या. टीचर पुण्याच्या. नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीपायी बंगळूरला आलेल्या. वर्गातली निम्मी मुलं तसल्याच घरांतली. उरलेली निम्मी दिव्यश्रीसारखी, ज्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनी इथं येऊन दुकान मांडलं आणि परत जायचं राहूनच गेलं. घरी मराठी सगळेच बोलत. वाचायची वेळ आली की पहिल्यांना इंग्रजी आठवे आणि दुसऱ्यांना कानडी, म्हणजे कुणी कुणाला हसायला जागा नव्हती.

मुलं वाचत नाहीत ही टीचरची एक काळजी, आणि पैसा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही ही दुसरी. आईनं फोन पुढे केला, टिंग वाजलं, आइस्क्रीम हातात आलं. मुलांच्या लेखी पैसा म्हणजे ती टिंग. तेव्हा टीचरनी एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवले आणि 'पानांची पेढी' काढली. पुस्तक वाचायचं, त्यात काय आहे ते टीचरना सांगायचं, की पुस्तकाची जितकी पानं तितकी कागदी पिंपळपानं मिळायची. हिरवं पान एकाचं, पिवळं दहाचं, तांबूस शंभराचं. पान पिकलं की किंमत वाढते, असं टीचर म्हणायच्या. हॉलच्या कोपऱ्यात त्यांचं छोटं दुकान होतं: खोडरबर, चिक्की, चमकीची पेनं. तिथं पानं खर्च करा, नाहीतर पेढीत ठेवून वाढवा, नाहीतर डिसेंबरातल्या मोठ्या बाजारासाठी राखून ठेवा. ज्याची त्याची मर्जी.

पेढीची कार्डं टीचरनी स्वतःच्या हातानं लिहिली. नाव, साल, जमा. आधी त्या 'वर्ष' लिहिणार होत्या, पण त्या डोक्यावरच्या रफाराला मुलं अडखळतील म्हणून त्यांनी मुद्दाम सोपा शब्द घेतला.

आता यात टीचरची तरी काय चूक? दिव्यश्रीच्या घरच्या मराठीत कानडी शब्द असे मुरले होते की कुठला कुठून आला ते कुणालाच सांगता आलं नसतं. थोड्याला स्वल्प, व्याजाला बड्डी, आणि कर्जाला साल. कानडी शाळेच्या सवयीनं तिनं शेवटचा ल पुरता उच्चारला, 'सा-ल', आणि कार्ड वाचलं. नाव, दिव्यश्री. साल, २०२५. जमा, शून्य. म्हणजे दोन हजार पंचवीस पानांचं कर्ज, आणि फेडायला हाती काहीच नाही.

साल म्हणजे काय ते तिला नव्यानं शिकायचं नव्हतं. तिच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, सुधींद्रांचं, बसवनगुडीत बटणं, लेस आणि अस्तराचं दुकान होतं. दुकान वाढवायला त्यांनी साल काढलं. मग लोकांनी कपडे शिवून घ्यायचे सोडले, तयार कपडे फोनवरून मागवायला लागले, आणि साल तेवढं मागं राहिलं. दर सोमवारी एक मनुष्य यायचा, स्टुलावर बसायचा, गोड बोलायचा. तो गेला की अप्पा बटणांचे डबे उगीच खालचे वर करत राहायचे. "साल आलं की झोप जाते," असं अज्जी म्हणायची. अज्जीचे म्हणजे शकुंतलाबाईंचे सालाबाबत दोन नियम होते. सालाची गोष्ट उंबऱ्याबाहेर काढायची नाही. आणि साल तुकड्यातुकड्यानं फेडायचं नाही. तुकडे बड्डीच खाऊन टाकते, मूळ आपलं तसंच.

म्हणून दिव्यश्रीनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. अप्पांच्या डोक्यावर आणखी एक साल घालायचं नाही, एवढं तिचं ठरलं. वाचायचं, पानं साठवायची आणि पुरी झाली की एकदम नेऊन टाकायची. पेढीत ठेवली असती तर ती वाढली असती, पण ज्याचं देणं त्याच्याकडेच पैसे ठेवून बड्डी मागायची म्हणजे काय? तिनं अप्पांकडून बटणांचा रिकामा डबा मागून घेतला.

वर्गात पुण्याकडचा ईशान तिच्या शेजारी बसायचा. त्याच्याही कार्डावर साल २०२५ होतं, आणि तो पठ्ठ्या मिळालेलं पान उभ्या उभ्या चिक्कीत घालवायचा. ऋण काढून सण, दुसरं काय. दिव्यश्रीला राहवेना. उंबऱ्याचा नियम आपल्या सालाला होता. दुसऱ्याच्या सालाची चौकशी करायला हरकत नसावी.

"तुझं साल आहे की रे अजून," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"संपवायला नको?"

"संपवायचं काय त्यात? डिसेंबर एन्डला साल आपोआपच संपतं ना," ईशान चिक्की चावत म्हणाला.

दिव्यश्री त्याच्याकडे बघतच राहिली. पुण्याकडची माणसं धीट असतात असं तिनं ऐकलं होतं, पण हे फारच झालं.

सुरुवातीला ती हिशेबानं वाचायची. पान उलटलं, एक फिटलं. गोष्टींतही तिला आधी पैसेच दिसायचे. राजानं अर्धं राज्य बक्षीस दिलं की तिला वाटायचं, उरलेल्या अर्ध्यात याचं भागणार कसं? एका गोष्टीत कोळ्याच्या पोरीनं मोती देऊन वारा विकत घेतला, आणि दिव्यश्री त्या पानापाशी अडकून बसली.

"टीचर, मोती महाग की वारा?"

"ज्याला होडी हलवायचीय त्याला वारा महाग," टीचर म्हणाल्या. "ज्याच्याकडे होडीच नाही, तो फुकटसुद्धा घेणार नाही."

दिव्यश्रीनं त्यावर बराच वेळ विचार केला. अस्तराचंही असंच असावं, असं तिला वाटलं. लोकांकडे होड्याच उरल्या नव्हत्या, यात अप्पांचा काय दोष?

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असायचं. ऊन लेसच्या रिळांमधून आत यायचं आणि फरशीवर त्याची जाळी पडायची. दिव्यश्री अस्तराच्या गठ्ठ्यावर बसून मोठ्यानं वाचायची, कारण मोठ्यानं वाचलं की ओळ सुटत नाही. अप्पा मागं डबे लावत असायचे. एकदा ती धाप लागली म्हणून थांबली, तर डब्यांचा आवाजही थांबला.

"पुढं काय झालं?" अप्पांनी विचारलं.

पुढं वारा आला होता. कोळ्याच्या पोरीनं तो शिडात भरला आणि होडी निघाली. दिव्यश्री वाचत गेली, आणि हळूहळू दुकान कुठं संपतं आणि समुद्र कुठं सुरू होतो ते तिचं तिलाच कळेना. लेस लाटांच्या काठांना लागली. बटणं डब्यांतून उठली आणि पाण्यात खोल खोल पोहायला लागली, मोत्याची वेगळी, पितळेची वेगळी. समुद्रात झाड नसतं, पण कुठल्याशा झाडाची हिरवी, पिवळी, तांबूस पानं वरून पडत होती. सोमवारच्या माणसाच्या रिकाम्या स्टुलावर ती पडली, आणखी पडली, आणि शेवटी स्टूल दिसेनासंच झालं. होडी त्यावरून अलगद पुढे गेली.

तिनं मान वर केली तेव्हा अप्पा काउंटरवर डोकं टेकून झोपले होते. तोंड जरासं उघडं, मुठीत एक निळं बटण. त्यांना असं गाढ झोपलेलं पाहून किती काळ झाला ते तिला आठवेना. तिला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. आवाज थांबला तर ते जागे होतील म्हणून ती पुढचं पान वाचायला लागली, मग त्याच्या पुढचं. किती पानं झाली ते मोजायचं त्या दुपारी राहूनच गेलं.

मग हे दर रविवारचंच झालं. अप्पा "पुढं काय झालं?" म्हणायचे, ती वाचायची, ते झोपायचे. कार्तिकात परिषेला, म्हणजे शेंगांच्या जत्रेला, बसवनगुडीच्या रस्त्यांवर शेंगांचे ढीग लागले, सगळं गाव शेंगा खात फिरत होतं, तेव्हाही अर्ध्या शटरआड एक जण वाचत होता आणि एक जण झोपला होता. दिव्यश्रीच्या मनात दोन्ही सालं आता एकमेकांत मिसळली होती. आपलं फिटलं की अप्पांचंही स्वल्प हलकं होईल, असं तिला वाटायचं. असं होत नसतं हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि वाटणं यांचं कधी पटलंय?

रस्त्याकडेची झाडं गुलाबी झाली आणि डिसेंबरातला शेवटचा शनिवार आला. हॉलमध्ये बाजार मांडला होता. मधोमध एक दुर्बीण होती, आणि दिव्यश्री जूनपासून पानं साठवतेय ती हिच्यासाठीच, अशी टीचरची खात्री होती. दिव्यश्री आली, दुर्बिणीकडे न बघता टेबलापाशी गेली आणि तिनं डबा उघडून टीचरपुढं ठेवला.

"माझं साल, टीचर. सगळं आहे, बघून घ्या. बड्डी किती झाली ते मला कळलं नाही. ते स्वल्प मागं-पुढं करून घ्या."

"कसलं साल, बाळा?"

दिव्यश्रीनं कार्ड काढून त्यावर बोट ठेवलं. "हे की. सा-ल. दोन हजार पंचवीस."

टीचरना बंगळुरात सहा वर्षं झाली होती. बसच्या पाठीवर, रिक्षांच्या पाठीवर, खांबाखांबांवर तो शब्द त्यांनी रोज पाहिला होता. कमी बड्डीत लगेच साल. तो आपल्याच सोप्या अक्षरांत आपणच या पोरीच्या हाती दिला, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्या टेबलामागून येऊन तिच्यापुढं फरशीवर बसल्या. हसू आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना भरून आलं.

"अग, आमच्यात साल म्हणजे वर्ष," त्या म्हणाल्या. "दोन हजार पंचवीस हे वर्ष आहे. तुझ्यावर काही नव्हतं ग. कधीच नव्हतं."

दिव्यश्रीनं कार्ड पुन्हा एकदा वाचलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटेना. म्हणजे ईशान बरोबर होता. ते आपोआपच संपणार होतं. आणि उद्या रविवार होता, अप्पा "पुढं काय झालं?" विचारणार होते.

"ही सगळी पानं तुझी आहेत," टीचर म्हणाल्या. "दुर्बीण घे. काय हवं ते घे."

तिनं टेबलावरच्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवली. मग डबा टीचरकडे सरकवला.

"हे जमा करा. आणि मला नवीन साल द्या."

टीचरनी कोरं कार्ड घेतलं. नाव लिहिलं. पुढच्या ओळीत 'व' काढला आणि थांबल्या, कारण दिव्यश्रीनं मान हलवली होती. त्यांनी तो खोडला आणि तिच्या मनासारखं लिहिलं. साल, २०२६. जमा, २०२५.

तेवढ्यात तिला न्यायला अप्पा आले. दारातच लेकीनं नाचवत आणलेलं कार्ड त्यांनी हातात घेतलं, शेवटचा ल पुरता उच्चारत वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दिव्या," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हे कसलं साल? कुणाकडनं घेतलंस तू?"

"घाबरू नका, अप्पा. जमा बघा की खाली. एकच पान राहिलंय." तिनं त्यांना भिंतीकडेच्या बाकावर बसवलं, कपाटातून नवं पुस्तक काढलं आणि त्यांच्या शेजारी येऊन टेकली. "मी वाचते. तुम्ही झोपा."