चढावर रडणारं इंजिन

ट्रकच्या हौद्यात चाळीस माणसं दाटीवाटीने उभी होती. मठाकडचा चढ लागला. इंजिनाने जोर लावला आणि बॉनेटखालून ते रडणं आलं. बारीक, लांब, बाईमाणसाचं. कोणीतरी हात जोडले, कोणी डोळे पुसले.

"आली," केबिनमधून मठाचे श्वासबाबा म्हणाले. "रिकाम्या गाडीत ती बोलत नाही. भक्त भरभरून लागतात तिला. आणि हा काळा धूर पाहताय? तिचं दुःख जळून बाहेर पडतंय."

स्टेअरिंगवर बसलेल्या भाऊजींचे डोळे डबडबले. त्यांची बायको वारून पाच महिने झाले होते. बाबांनी मायेने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "विचारा तिला. ट्रक मठाला देऊन मठातच राहायला यायचं का?"

इंजिनाने मोठ्याने हंबरडा फोडला.

"हो म्हणतेय," बाबा म्हणाले. "उद्याच कागद करू."

केबिनच्या खिडकीशी भाऊजींची मेहुणी अंग चोरून बसली होती. ती डिझेल इंजिनांची मिस्त्री, वर्कशॉपच्या वरच्या खोलीत एकटी राहणारी. ताई गेल्यावर जवळचं म्हणावं असं भाऊजी हे एकच माणूस तिला उरलं होतं. भाऊजी रोज संध्याकाळी तिच्यासाठी ताट वाढून ठेवायचे. महिनाभर ते मठातच जेवत होते, आणि ती पातेल्यातच चमचा घालून उभ्याउभ्या जेवत होती. उद्या कागद झाले की ते कायमचेच गेले. आणि खोटं कशाला बोला, तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्याही अंगावर काटा आला होता. ताईच, असं क्षणभर वाटलं होतं.

पण काळा धूर तिला स्वस्थ बसू देईना. धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. जुनं, मुळात टर्बो नसलेलं इंजिन होतं ते; हवा कोंबणारा हा टर्बो तिनेच त्याला बसवला होता. मोठा टर्बो चढावर जोर धरायलाच वेळ लावतो, म्हणून तिने बेताचा निवडला होता, आणि तो जेवढी हवा कोंबेल तेवढंच डिझेल पंपातून वाढवलं होतं. हिशोब चोख होता. मग हवा जाते कुठे?

बाबा मंडळींना घेऊन मठात शिरले, तसं तिने बॉनेट उघडलं. टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारा रबरी पाइप तोंडाशी अर्धा निसटला होता. आत तेलाचा ओशट थर. ताई गेल्याच्या आठव्या दिवशी तिने हा पाइप बसवला होता. तोंड पुसून त्याभोवतीची पट्टी आवळायची आणि मग पाइप हाताने ओढून बघायचा, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. पुसलं नाही, ओढलंही नाही.

म्हणजे हे रडणं तिच्याच हातचं होतं. गुपचूप आवळून मोकळं व्हावं, असं एकदा मनात आलं. पण तेवढ्याने भाऊजी परत आले नसते. तिने पाइप पुसून पट्टी आवळली आणि दुपारच्या फेरीची वाट बघितली.

दुपारच्या फेरीला पुन्हा चाळीस माणसं चढली. चढ आला. आवाज नाही. बाबांनी भाऊजींचा गुडघा दाबला, आणखी दाबला. ट्रक नुसता पळत सुटला.

"बाबा, आज गाडी छान चढतेय," मागून कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

"परक्या बाईचा हात लागला," बाबा गुरगुरले. "रुसली ती."

"परकी कशी? सख्खी बहीण आहे मी तिची. भाऊजी, थांबा जरा."

तिने सगळ्यांना बॉनेटभोवती बोलावलं आणि स्क्रूड्रायव्हर भाऊजींच्या हातात दिला. "ही पट्टी तुम्हीच सैल करा."

त्यांनी केली. मंडळी पुन्हा हौद्यात चढली. ट्रक चढाला लागताच रडणं आलं. पुन्हा थांबून आवळली. रडणं बंद.

"चूक माझी आहे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पाइप मी नीट बसवला नाही, त्या फटीतून हवा ओरडत निघते. भक्त लागतात ते वजनाला. भरलेली गाडी चढावर जोर मागते, तेव्हाच टर्बो हवा कोंबतो. आणि बाबांनी गुडघा दाबला की भाऊजींचा पाय खाली जातो, आवाज वाढतो. ते झालं 'हो'. हात उचलला की 'नाही'. नवल वाटलं की आधी झाकण उघडून बघा, एवढंच माझं म्हणणं आहे."

बाबा चालत मठाकडे निघाले. लोकही कुजबुजत पांगले. भाऊजी मात्र स्क्रूड्रायव्हर धरून तिथेच उभे राहिले.

"थोडी सैल ठेवली तर चालेल का गं?" ते हळूच म्हणाले. "बाबा नकोत. मी एकटाच ऐकेन."

तिने पट्टीकडे बोट दाखवलं. "नाही हो. हवा कमी पडली की इंजिन आतून तापतं. एखाद्या चढावर पिस्टन वितळेल आणि भरला ट्रक मागे घरंगळेल. ताई असती तर तिने तुम्हाला तसं जाऊ दिलं असतं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "घरात कोणी बोलत नाही गं."

"माझ्याही."

त्यांनी पट्टी पुन्हा सैल करून पाइप काढला. मग त्यांनी पाइपचं तोंड आपल्या रुमालाने पुसलं, पट्टी आवळली, आणि तिच्यासारखाच पाइप हाताने ओढून बघितला. तो हलला नाही.

"संध्याकाळी जेवायला ये," भाऊजी म्हणाले.