रौलीधारचा गरम बर्फ

हिमालयातल्या रौलीधार गावच्या झऱ्याचं पाणी सिद्धपुरुषाच्या स्पर्शाने गोठतं, हे आता विज्ञानानेही मान्य केलं आहे. विज्ञान म्हणजे अमेरिकेतल्या रेडमंडचा राजेश. सॉफ्टवेअरमध्ये आर्किटेक्ट आहे. त्याने उपग्रहाच्या नकाशावर रौलीधार शोधून काढलं. तिथून आलेले हिमानंद महाराज सांगतात तसंच खाली काफलखेतची वस्ती, पलीकडच्या डोंगरधारेवर देवीचं देऊळ, मागे खिंड. गाव खरं निघालं, म्हणून राजेशने महाराजही व्हेरिफाय झाले असं धरलं.

शनिवारी दुपारी त्याच्या लिव्हिंग रूममध्ये तीसेक माणसं, दाराशी ओल्या जॅकेटांचा ढीग. महाराजांनी समोरच्या काचेच्या दोन बाऊलांपैकी एकातल्या नितळ पाण्याला बोट लावलं. बोटापासून पांढऱ्या सुया पसरत गेल्या आणि क्षणात सगळं गोठलं. बर्फ चक्क गरम लागत होता. तुमचा बर्फ गारठवतो, आमचा ऊब देतो, असं महाराज म्हणाले. दोघातिघांनी डोळे पुसले.

पुढेच शोभाकाकू बसल्या होत्या. महाराजांच्या सांगण्यावरून नऊ दिवस त्यांनी इन्सुलिन बंद ठेवलं होतं. तेव्हापासून तहान भागत नव्हती. महाराजांचं निदान तयार होतं : झरा बोलावतोय.

काकूंची मुलगी नेत्रा हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते. नऊ दिवस आईशी भांडून ती थकली होती. दुसऱ्या बाऊलला हात लावण्याआधी महाराजांनी तो साबणाने धुवावा, नखांसकट, अशी तिने विनंती केली.

"गंगेला आंघोळ घालतेस, बेटी?"

"नाही, फक्त नखं."

महाराजांनी डोळे मिटून घेतले. नेत्राने गोठलेला एक कण उचलून दुसऱ्या बाऊलमध्ये टाकला. त्यातलं पाणीही गोठलं, तितकंच गरम.

"राजेशदादा, आता मलाही व्हेरिफाय कर."

मग तिने वर्गात सांगते तसं सांगितलं. सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार गरम पाण्यात भरपूर विरघळवायचा, ते द्रावण न हलवता गार करायचं. त्याच क्षाराचा एक कण पडला की सगळं द्रावण गोठतं आणि उष्णता बाहेर टाकतं. महाराजांचा कण नखात होता. स्कीइंगला नेतो त्या हात शेकायच्या पिशव्यांत हेच असतं. त्यांची कुणी आरती करत नाही.

राजेश म्हणाला, टेक्निकली करेक्ट आहे, पण श्रद्धेचं काय. नेत्रा म्हणाली, श्रद्धा खुशाल ठेवा. फक्त प्रश्न विचारू न देणाऱ्याच्या शब्दावर औषध बंद करू नका.

"आई, बोट दे," नेत्राने ग्लुकोमीटर काढला.

काकूंनी आधी महाराजांकडे पाहिलं, मग हात पुढे केला.

शुगर चारशे अठ्ठावीस होती.