खंडेनवमीची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या जातीत सहसा कुणाला न मिळणारा एक मान मला मिळाला आहे. मला आंघोळ घातलेली आहे. तीही तांब्याने नव्हे, ट्रॅक्टर धुण्याच्या पंपाने. ती का घातली आणि तिच्यातून मी कसा वाचलो, हे सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडले आहे.

माझा जन्म बारामतीचा. म्हणजे माझा एकेक अवयव कुठल्या कुठल्या देशांतून आला, पण भिगवण रस्त्यावरच्या एका दुकानात एका दुपारी स्क्रू पिळून मला उभे केले, म्हणून मी स्वतःला बारामतीकरच समजतो. तिथून मी एका संगणक क्लासमध्ये नोकरीला लागलो. सकाळी सातपासून मुले माझ्यापुढे बसत. कुणी एका बोटाने स्वतःचे नाव टाइप करी, कुणी डोंगर काढून त्यामागे सूर्य चिकटवी. सर प्रत्येक नव्या तुकडीला सांगत, "सहा नंबरवर बसा, तो कधी अडत नाही." सहा नंबर म्हणजे मी. त्या दिवसांचा मला अजून अभिमान वाटतो.

पुढे क्लास बंद पडला. शेळगावचे माऊली, ऊस लावणारे शेतकरी, यांनी मला आपल्या मुलीसाठी, स्वरूपासाठी, घरी न्यायचे ठरवले. जीपमध्ये त्यांनी मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतले आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरचा उद्धार केला. दारात माऊलींच्या आई द्वारकाबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दोन महिने बसून माझ्यासाठी लोकरीचे लाल-पिवळे कव्हर विणले, चारही बाजूंनी घट्ट.

"थंडीत काकडायचा न्हाय त्यो आता," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हाला थंडी वाजत नाही. आम्हाला उकडते. पण एवढ्या मायेने घातलेल्या कपड्याला नाही कसे म्हणणार?

माझी जागा मागच्या खोलीत ठरली, कारण घरात स्टॅबिलायझर तिथेच होता. तो मुळात घरघंटीसाठी घेतलेला. ही घरघंटी, म्हणजे घरगुती पिठाची गिरणी, माझी शेजारीण. ती सकाळी बाजरी दळायची, सणासुदीला गहू. माझा पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि शेजारणीच्या हवेत काय असणार? पाच वर्षांत मी किती पीठ खाल्ले असेल, याचा कुणाला पत्ता नव्हता. मलाही नव्हता. आपले वय झाले, असेच मला वाटत होते.

आता स्वरूपाच्या खेळाविषयी सांगतो. पाच जणांचा एक संघ, समोर दुसरे पाच. सगळे आपापल्या गावात आपापल्या संगणकापुढे बसलेले, पण पडद्यावर एकाच मैदानात एकमेकांवर गोळ्या झाडत पळणारे. द्वारकाबाई त्याला 'ठो-ठो' म्हणत. स्वरूपा बारामतीला कॉलेजात जाऊ लागली तेव्हा तिथल्या पाच मुलींनी संघ बांधला आणि नाव ठेवले 'पाचट'. उसाचे वाळलेले पाचट ठिणगी पडायचा अवकाश की पेटते, तशा आपण, असे त्यांचे म्हणणे होते. कऱ्हाटीची वैष्णवी त्यांची कप्तान.

संघात सर्वांत चांगला नेम स्वरूपाचा. हे मी घरचा म्हणून सांगत नाही, तिची प्रत्येक गोळी माझ्यातूनच जात होती. पण ऐन चकमकीत मी तापून अडायचो. दोन सेकंद, कधी तीन. तेवढ्यात पडद्यावरची स्वरूपा मैलाच्या दगडासारखी उभी राहायची आणि समोरचा निवांत येऊन तिला उडवून जायचा.

"स्वरे, हल की," हेडफोनमधून वैष्णवी म्हणायची.

"मी हलतीया, ह्यो हलत न्हाय."

ह्यो म्हणजे मी. एके काळचा सहा नंबर.

शेवटी नवरात्राच्या आधी वैष्णवीने स्पष्ट सांगितले. "जिल्ह्याची फेरी दसऱ्याला हाय, दुपारी चार वाजता. ह्या डावाला जर तू अडकलीस, तर पुढं तुझ्या जागी मी कॉलेजातल्या रोहिणीला घेणार. तुझ्याशी माझं वैर न्हाय. पण चौघींनी पाचवीला किती दिवस ओढायचं?"

स्वरूपाने हेडफोन काढला. ती लोकांपुढे रडणारी मुलगी नाही. माझ्यापुढे मात्र रडली, आणि मला इतकी शरम वाटली की सांगता सोय नाही.

आठवड्याने चहाच्या वेळी तिने वडिलांपुढे यादी ठेवली: रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड. माऊलींनी ती उलटसुलट पाहिली.

"तीन न्हाय. ह्या साली एक. कंची ती सांग."

इथेच तर घोडे पेंड खात होते. स्वरूपाने आठवडाभर व्हिडिओ पाहिले होते आणि दहा तज्ज्ञांनी तिला बारा मते दिली होती. तिने वडिलांना समजावले, "रॅम म्हंजी आजीची परात. मोठी असली की एका टायमाला जास्त पीठ मळता येतं. एसएसडी म्हंजी अशी कणगी, की हात घातला की दाणं हातात. आन् ग्राफिक्स कार्ड म्हंजी निस्ती चित्रं काढायला ठेवलेला येगळा गडी."

"ह्यातलं जादा एचपीचं कंचं?"

"एचपी नसतंय पप्पा ह्यात."

"मग जड कंचं?"

स्वरूपा खोटे बोलत नाही. "ग्राफिक्स कार्ड," ती म्हणाली, आणि निर्णय तिथेच झाला. विहिरीवरची मोटार असो की ट्रॉली, माऊलींनी जन्मभर गरजेपेक्षा एक माप मोठेच घेतले होते. आणि खरे सांगायचे तर त्या कार्डाच्या रंगीत दिव्यांवर स्वरूपाचाही जीव जडला होता.

बारामतीच्या दुकानात काय झाले, ते तिने सणानंतर वैष्णवीला फोनवर सांगितले तेव्हा मी ऐकले. माऊलींनी दोन खोकी दोन हातांत तोलली आणि तीन पंख्यांचे उचलले. दुकानदाराने विचारले, "काका, तुमच्या पीसीचा पॉवर सप्लाय केवढ्याचा आहे?"

"लाइटीची काळजी तुमी करू नगा. आमच्याकडं थ्री फेज हाय."

दुकानदार बिचारा दसऱ्याच्या गर्दीत होता. त्याने खोके बांधले आणि मलमाची एक छोटी नळी फुकट घातली. ती कशासाठी, हे कुणी विचारले नाही.

घरी आल्यावर माझे कव्हर उतरवले, एका बाजूचा पत्रा काढला, स्क्रू वाटीत ठेवले. कार्ड दोन बोटे लांब भरले. माऊलींनी मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाले, "एवढंच ना? पत्रा कापायला ग्राइंडर आणतो."

मित्रांनो, मी आयुष्यात व्हायरस पाहिले आहेत. त्या एका शब्दाला भ्यालो तेवढा कशालाच भ्यालो नाही.

स्वरूपाने वडिलांचा हात धरला आणि कळंबच्या कचरूतात्यांना बोलावून घेतले. तात्या विहिरीवरच्या मोटारी भरून देतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतात. संगणक त्यांनी कधी उघडला नव्हता, पण वीज त्यांना कळते. त्यांनी चष्मा चढवून माझ्या आतल्या पॉवर सप्लायवरचा कागद वाचला, मग खोक्यावरचा वाचला.

"माऊलीराव, ह्याच्यानं त्ये कार्ड वढायचं न्हाय. पाचच्या स्टार्टरवर दहाची मोटार घातल्यागत व्हईल. थ्री फेज तुमच्या विहिरीवर. ह्या डब्याला काय त्याचं?"

दुकानदार फोनवर म्हणाला, बदलून देतो, पण सण झाल्यावर. कार्ड परत खोक्यात गेले आणि खोके फडताळात. मी तसाच एका अंगाने उघडा राहिलो. दसरा परवावर आला होता आणि स्वरूपाच्या हातात काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी आमच्याकडे हत्यारे धुऊन पुजतात. सकाळीच अंगणात विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाड मांडून झाली. स्वरूपा झेंडूची फुले आणायला गेली होती. माऊली पंपाच्या जोरदार फवाऱ्याने ट्रॅक्टर धूत होते. द्वारकाबाई खोलीत आल्या, माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. कालपासून नातीने नीट खाल्ले नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. पदराने त्यांनी माझ्या डोक्यावरचे पीठ पुसले.

"उद्या पोरीची लढाई," त्या पुटपुटल्या, "आन् हत्याराची दशा ही."

त्यांनी माझ्या वायरी उपटल्या आणि सत्तरीच्या वयात मला कडेवर घेऊन अंगणात नेले. विळ्या-कोयत्यांच्या ओळीत, कुऱ्हाडीच्या शेजारी ठेवले. ज्या खेळाला त्या रोज नावे ठेवत, त्याच खेळाचे हत्यार म्हणून! माझा ऊर भरून आला. तेवढ्यात माऊलींनी फवारा माझ्याकडे वळवला.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. उघड्या अंगाने पाणी आत शिरले, पंखा उलटा गरगरला, आणि माझ्या पंख्यामागच्या खाचांतून करडी लापशी वाहू लागली. माऊलींनी आश्चर्याने पंप बंद केला.

"आई, ह्यातनं पीठ निघालंय."

द्वारकाबाईंनी वाकून बोट लावले. "बाजरीचं हाय," त्या म्हणाल्या. "दोन भाकरी झाल्या असत्या की रं."

मग माऊलींनी आणखी मन लावून धुतले.

स्वरूपा फुले घेऊन आली तेव्हा मी निथळत होतो. ती ट्रॅक्टरच्या पायरीवर बसली आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"पप्पा, ह्याच्यात पाणी जाऊ द्यायचं नसतंय."

माऊलींचा चेहरा पडला. "मोटारीत बी नसतंय," ते हळूच म्हणाले. "पर गेलं तर वाळवत्यात."

कचरूतात्या सणाचे जेवण सोडून आले. "चालू केला का कुणी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला. "मग जीव हाय ह्याच्यात. वली मोटार पाण्यानं मरत न्हाय, घाईनं मरती."

त्यांनी माझा एकेक अवयव सुटा केला. ब्रशने खाचाखाचांतले पीठ काढले, ब्लोअरने पाणी उडवले, उन्हात खाटेवर जुन्या कापडाच्या धडप्यावर मांडले. ऊन कलल्यावर पालथ्या पाटीखाली शंभरचा बल्ब लावून सगळे आत ठेवले, कोंबडीची पिल्ले ठेवतात तसे. द्वारकाबाई काठी घेऊन राखणीला बसल्या. तात्यांनी प्रोसेसरवरून एक खपली काढून स्वरूपाला दाखवली. "ह्ये ताप बाहीर काढायचं मलम. वाळून खडू झालंय, पोरी." तेव्हा तिला फुकट मिळालेली नळी आठवली. लाखमोलाचे कार्ड फडताळात राहिले आणि कामाला आली ती नळी.

दसऱ्याला साडेतीनला मला जोडले. द्वारकाबाईंनी दुरूनच हात जोडले. स्वरूपाने बटण दाबले आणि कसलाच आवाज आला नाही.

"गेला," माऊली म्हणाले, आणि खाली बसले.

"न्हाय पप्पा. चालू हाय." स्वरूपाने माझ्या पाठीमागे तळहात धरला. गार वारा येत होता. माझा पंखा पाच वर्षांत पहिल्यांदा घुरघुर न करता फिरत होता.

चार वाजता सामना सुरू झाला. पहिला डाव 'पाचट'ने घेतला. दुसरा गमावला, कारण स्वरूपा घाईने एकटीच पुढे घुसली. ती चूक तिची स्वतःची होती, माझी नव्हती, आणि तिलाही त्याचा आनंदच झालेला दिसला. तिसऱ्या डावात तिघी पडल्या. उरल्या स्वरूपा आणि वैष्णवी, समोर दोघे. आणि ऐन वेळी वैष्णवी मैलाच्या दगडासारखी उभी राहिली.

"स्वरे, माझा अडला गं," तिचा आवाज रडवेला झाला होता.

"तू नुस्ती उभी ऱ्हा," स्वरूपा म्हणाली. समोरचे दोघे त्या दगडाला उडवायला निवांत पुढे आले. ते कसे येतात, हे स्वरूपाइतके कुणाला ठाऊक होते? ती आडोशाला बसून राहिली. मी एक क्षणही अडलो नाही. दोन गोळ्या, आणि डाव संपला.

हेडफोनमध्ये आरडाओरडा झाला. तो ओसरल्यावर वैष्णवीने विचारले, "रोहिणीचं नाव मी काढतच न्हाय आता. पर खरं सांग, कंचं कार्ड टाकलंस?"

"कार्ड न्हाय. आजीनं आन् पप्पांनी पंपानं धुतला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग वैष्णवीचा आवाज लांबून आला, "दादा, आपला पंप कुठं हाय?" ती उठली तो हेडफोन काढूनच, आणि स्वरूपाने तिला अडवायला लागोपाठ सहा फोन केले.

मित्रांनो, तेवढ्यासाठीच हा सगळा प्रपंच. तुमच्या घरचा संगणक अडू लागला तर रॅम, कार्ड, काय घ्यायचे ते खुशाल घ्या, पण त्याआधी एकदा झाकण उघडून आत बघा. मऊ ब्रश पुरतो. गिरणी जरा लांब ठेवा. आणि पंप ट्रॅक्टरलाच राहू द्या, प्रत्येक गावात कचरूतात्या नसतात.

सणानंतर कार्ड बदलून रॅम आणि एसएसडी आली. घरघंटी ओसरीवर गेली. कव्हर मात्र परत माझ्या अंगावर चढले आणि ते कुणी काढायला धजेना. एका दुपारी द्वारकाबाईंनीच स्वरूपाला विचारले, "ह्यो वारा कुठनं घेतो गं?"

तिने पुढची जाळी आणि मागची पंख्याची जागा दाखवली. द्वारकाबाईंनी हाताने चाचपून दोन्हींचे माप घेतले. मग दोन महिने बसून विणलेल्या त्या लाल-पिवळ्या लोकरीला त्यांनी कात्री लावली आणि उसवू नये म्हणून कडेने पुन्हा टाके घातले. तेच कव्हर मी अजून घालतो. आता त्याला दोन खिडक्या आहेत.