पहार कोण धरणार

मिसेस फाँगला वाटलं, ती माझ्यावर उपकार करतेय. म्हणाली, शनिवारची प्रायव्हेट टूर तू घेऊन जा, कांचन. तुझेच लोक आहेत, मराठी. खूश होतील.

आता या चिनी बाईला मी काय समजावणार? माझे लोक माझ्यासारखी बाई दिसली की खूश होत नाहीत. आधी आडनाव विचारतात.

अठ्ठ्याऐंशी सालचा जून होता. सॅक्रामेंटोत मिसेस फाँगच्या दोन व्हॅन होत्या. कॅलिफोर्नियातल्या जुन्या चिनी जागा ती लोकांना एका दिवसात दाखवून आणायची. नदीकाठचं लॉक नावाचं चिनी गाव, आणि मग वर डोंगरात चिनी मजुरांनी फोडलेला रेल्वेचा घाट. तिचा आजा त्या घाटात मजूर होता. मी तिच्याकडे तीन वर्षं फोन घेत होते, व्हॅन धूत होते आणि जागा रिकामी असली की मागच्या सीटवर बसून गाइड काय सांगतो ते कानात साठवत होते. उरलेलं लायब्ररीत वाचलं. एका ओळीला पाचदा डिक्शनरी उघडून वाचलं, पण वाचलं. मेमध्ये तिचा गाइड लॉस एंजेलिसला निघून गेला. ती म्हणाली, ही एक टूर एकटीने करून दाखव. गिऱ्हाईक समाधानाने परतलं तर जागा तुझी. तक्रार आली तर पुन्हा फोनवर बस.

ही जागा मला हवी होती. भीक म्हणून नाही, हक्काने हवी होती. अमेरिकेत मी आले एकोणऐंशी साली, एका मराठी डॉक्टरांचं पोर सांभाळायला. माझा पासपोर्ट बाईंच्या कपाटात आणि मी त्यांच्या तळघरात, अशी दोन वर्षं काढली. एक दिवस दोघंही बाहेर पडलो, पासपोर्ट आणि मी. मग सहा वर्षं कागदाशिवाय. सत्याऐंशीत सरकारने आमच्यासारख्यांना माफी दिली. माफी कसली? गुन्हा कुणी केला होता? पण कागद घेतले. आणि कागद हातात आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, आता मी कुणाच्या तरी पुढे उभी राहून बोलेन आणि लोक ऐकतील.

तर शनिवारी सकाळी आठ वाजता मी व्हॅन घेऊन डॉक्टर हेमचंद्र यांच्या दारात उभी राहिले. हे भूल देणारे डॉक्टर. पुण्याहून त्यांचे आईवडील आले होते, त्यांना फिरवायचं होतं. वडील दिगंबरराव, सरकारी बांधकाम खात्यातून एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. डोक्यावर मुलाने दिलेली बेसबॉलची टोपी. आई मालिनीबाई. सुती साडी, वर मुलाचा स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात पोळीभाजीची पिशवी. त्यांनी दिवसभर फार तर चार वाक्यं बोलायचं ठरवलं असावं.

मला बघून दिगंबरराव म्हणाले, अरे वा, तुम्ही मराठी? मग गाइड कुठाय?

मीच, म्हटलं.

लॉकपर्यंत ठीक चाललं. लाकडी दुमजली घरं, एकमेकांना टेकलेली, वाकलेली. मी सांगितलं, हे गाव चिन्यांनी बांधलं, चिन्यांनी वसवलं, पण घराखालची जमीन त्यांच्या नावावर करायला कायद्याने बंदी होती. घर आपलं, माती परक्याची. दिगंबररावांनी मान हलवली आणि जुगाराचा अड्डा कुठला ते विचारलं. डॉक्टरांनी फोटो काढले.

व्हॅन उत्तरेकडे वळली आणि चौकशी सुरू झाली. या चौकशीला आपल्याकडे कोणी चौकशी म्हणत नाही, आपुलकी म्हणतात.

मूळ गाव कुठलं तुमचं?

गाव नाही, म्हटलं. पालं होती. काम निघेल तिथं ठोकायची.

आडनाव?

विटकर.

आरशात दिसत होतं. तिघांपैकी दोघांचे चेहरे हिशेब पुरा झाल्यासारखे सैल पडले. दिगंबरराव म्हणाले, म्हणजे वडार. अच्छा. फार कष्टाळू लोक. आमच्या साइटवर असायचे. कष्टाळू हा शब्द मी आयुष्यात एकाही कष्ट करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेला नाही. कुठल्या धरणावर होते गं तुझे आईबाप, त्यांनी विचारलं. ‘तुम्ही’ची मी ‘तू’ झाले होते, आणि व्हॅन अजून सॅक्रामेंटोसुद्धा ओलांडून गेली नव्हती.

मी म्हटलं, तुम्ही सह्या केल्यात त्यातल्याच एखाद्या धरणावर असतील. आम्हाला नावं सांगत नसत.

मग डॉक्टरांनी शिक्षण विचारलं. मी खोटं कशाला बोलू? चौथी, म्हटलं. बाप सुरुंग लावायचा, माय पहार धरायची. मायला बाळंतपण आलं तेव्हा शाळा सुटली आणि पहार माझ्या हातात आली, पुढे घणही.

त्यानंतर ते तिघं आपसात बोलत राहिले आणि मी रस्त्याशी. भीमथडीचं घोडं असो की अमेरिकेची व्हॅन असो, हाकणाऱ्याच्या पाठीलाही कान असतात हे बसणारे विसरतात. चौथी पास बाई आपल्याला इतिहास सांगणार का, असं दिगंबररावांनी विचारलं. यार, मी स्पेसिफिकली प्रोफेशनल गाइड मागितला होता, असं डॉक्टर म्हणाले.

ऑबर्नच्या बागेत जेवायला थांबलो. मालिनीबाईंनी मलाही पोळी आणि बटाट्याची भाजी दिली. अमेरिकेत सगळ्यांनाच कागदी पेले आणि कागदी बश्या, त्यामुळे कुणाला वेगळं काढायची सोयच नव्हती. त्या देशाचा हा एक गुण मान्य केला पाहिजे. डॉक्टर कोपऱ्यावरच्या फोनकडे गेले, बराच वेळ बोलले आणि माझ्याकडे न बघता परत आले.

दुपारी ऑफिसला फोन करायचा हा आमचा नियम. मी केला. मिसेस फाँग म्हणाली, तो डॉक्टर म्हणतो, तुला काही येत नाही. संध्याकाळी पूर्ण पैसे परत हवेत म्हणतो. तू त्यांना काय केलंस?

आडनाव सांगितलं, म्हटलं.

तिला कळलं नाही. पण ती सरळ बोलली. ती नेहमी सरळच बोलते, म्हणून तर तिच्याकडे टिकले. ‘कांचन, डोंगर अजून बाकी आहे. संध्याकाळीही तो हेच म्हणाला, तर मी तुला गाइड म्हणून ठेवू शकणार नाही.’

मी फोन ठेवला. रडू आलं नाही, राग आला. मला रागात काम चांगलं येतं.

घाट चढून डोनर समिटला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. सात हजार फुटांवर जूनमध्येही सावलीला बर्फाचे तुकडे होते. जुन्या रस्त्याच्या कडेला व्हॅन लावली. वर दोन बोगदे, आणि त्यांच्या मधली दरी भरून काढलेली दगडी भिंत. तिला चायना वॉलच म्हणतात. एकशे वीस वर्षांची, आणि वरून अजून रेल्वे जाते. मी सगळ्यांना पायवाटेने भिंतीखाली नेलं.

सांगायला सुरुवात केली. ही भिंत कोरडी आहे. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, नुसत्या वजनावर आणि बसवणाऱ्याच्या हातावर.

दिगंबरराव हसले. म्हणाले, ‘बाई, वरून इंजिन जातंय. आत काँक्रीट भरलेलं असणार. मी पस्तीस वर्षं हेच केलं.’

मी म्हटलं, भिंत मागे झुकलीय ती बघा, डोंगराला खांदा दिल्यासारखी. हा दगड बघा, तोंड वीतभर दिसतंय, पण आत हात-दोन हात गेलाय. असे लांब दगड मधे मधे घातलेत म्हणून भिंतीला पोट सुटत नाही. आणि फटीत ठोकलेली ही बारकी चीप उपसून बघा.

त्यांनी बोटाने हलवून बघितली. हलली नाही.

तेवढ्यात मालगाडी आली. आधी बोगद्यात घुमली, मग डोक्यावर. चार इंजिनं आणि मोजता येणार नाहीत इतके डबे. मी भिंतीला तळवा लावला. मालिनीबाईंनी माझं बघून लावला. शेवटी दिगंबररावांनी लावला आणि गाडी संपेपर्यंत काढला नाही. पण हार मानतील ते इंजिनिअर कसले. गाडी गेल्यावर ते शेजारच्या कातळाकडे वळले. कातळात सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या खुणा उभ्या दिसत होत्या. म्हणाले, ‘ठीक आहे, भिंत हातची असेल. पण ही भोकं मशीनची आहेत. ड्रिलिंग मशीन. हाताने इतकं सरळ भोक पडत नाही. निदान ग्रॅनाइटमध्ये तर नाहीच.’ आणि मुलाकडे बघून, हळू, पण मला ऐकू जाईल इतक्याच हळू: ‘पाठ केलेलं बोलतेय.’

पाठ केलेलं.

मी व्हॅनकडे गेले. मिसेस फाँग मागे एक पोलादी पहार आणि एक घण ठेवायची, लोकांना उचलून बघायला. त्या दोन्हींनी कधी कुणी काम केलं नव्हतं. मी दोन्ही घेऊन आले. रस्त्याकडेला दरड कोसळून आलेला एक मोकळा धोंडा होता, कमरेएवढा. त्याला तीन बाजूंनी हात फिरवला. दगडाला शिरा असतात. आमचा काळा दगड आणि यांचा पांढरा, पण शीर ती शीर. जागा सापडली.

म्हटलं, भोक पाडून दाखवते. घण मी मारते. पहार कोण धरणार?

दिगंबरराव म्हणाले, हेल्मेट नाही, गॉगल नाही, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, खरंय. माझी माय हाच नियम मोडून तुमची धरणं बांधत होती. डॉक्टर म्हणाले, माझे हात माझं प्रोफेशन आहे, यू अंडरस्टँड. समजलं, म्हटलं. पहार धरणाऱ्याचेही तेच असतात.

मालिनीबाईंनी पोळीभाजीची पिशवी दगडावर ठेवली.

‘मी धरते.’

‘आई, नो. आर यू क्रेझी?’

‘हेमू, तू गप्प बस.’ त्या खाली बसल्या, पदर खोचला, दोन्ही हातांनी पहार धरली. ‘काय करायचं सांग गं.’

मी सांगितलं. घट्ट नाही, सैल धरायची. मी मारलं की थोडी फिरवायची. मारलं, फिरवली. मारलं, फिरवली. डोळे पहारेवर ठेवायचे, माझ्याकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघितलंत की हात सरकतो.

सांगितलं खरं, पण घण उचलून मला वीस वर्षं झाली होती. समोर सासू म्हणावी अशा वयाची बाई, मुठीतून पहारेचं डोकं फक्त वीतभर वर आलेलं. चुकले असते तर जागा सोडा, तुरुंगच होता. आणि तुरुंगही सोडा, त्या बाईचा हात गेला असता. पहिला घाव मी अगदी हळू मारला. पोलाद वाजलं. त्यांनी डोळे मिटले, पण फिरवली. दुसरा. तिसरा. मग माझ्या तोंडातून बापाचा हुंकार आला, आपसूक, घण खाली येताना श्वास सुटतो तसा. खांद्याला सगळं आठवत होतं. मला विसरायला सांगितलं होतं सगळ्यांनी, खांद्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मधे मी थांबले. विचारलं, बाई, भीती वाटते का?

‘तू मार,’ त्या म्हणाल्या. ‘हात माझा आहे. मी बघते.’

मग मी मारलं. वीस, तीस, पन्नास. भोकातून पांढरं पीठ उडत होतं, त्यांच्या साडीवर, माझ्या हातांवर. रस्त्यावरून जाणारी एक गाडी थांबली, त्यातलं म्हातारं गोरं जोडपं उतरून बघत राहिलं. दीडशेच्या आसपास थांबले. मालिनीबाईंनी पहार काढली आणि पीठ फुंकून टाकलं, जणू आयुष्यभर हेच करत आल्यात. जेमतेम दोन पेरं भोक झालं होतं.

मी दिगंबररावांना म्हटलं, बोट घाला.

घातलं.

आता कातळातल्या त्या जुन्या भोकाच्या खुणेवर तेच बोट फिरवा.

ते गेले. खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. परत धोंड्याकडे आले, परत बोट घातलं. पुन्हा कातळाकडे. तिसऱ्या खेपेला टोपी काढून हातात धरली.

‘गोल नाहीये,’ ते म्हणाले. ‘कोपरे लागतात.’

‘हाताचं भोक कधी गोल नसतं,’ मी म्हटलं. ‘पहार फिरते तेवढे कोपरे पडतात. मशीनचं गोल असतं. इथं एकेका दिवसाला फूटभर बोगदा पुढे सरकायचा. थंडीत बर्फाखाली राहून. किती मेले त्याचा आकडा कुणी लिहून ठेवला नाही, कारण लिहिणारे दुसरे होते.’

ते मग म्हणाले, ‘पस्तीस वर्षं मी सुरुंगाची भोकं मोजून सह्या केल्या. एकातही कधी बोट घातलं नाही.’

मी त्यांची समजूत काढली नाही. ते माझं काम नव्हतं.

मालिनीबाई हात झटकत होत्या. तळवे लाल झालेले, पण ताठ उभ्या होत्या. मुलाला म्हणाल्या, मघाशी ऑबर्नहून जो फोन केलास तो आता परत कर. त्याने इंग्रजीत काहीतरी सांगायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, मराठीत सांग, आणि आधी फोन कर.

सोडा स्प्रिंग्जच्या दुकानाबाहेर फोन होता. मी मुद्दाम शेजारी उभी राहिले. लाजायचं कशाला? डॉक्टर पाठ फिरवून बोलत होते. गैरसमज झाला, म्हणाले. नाही, पैसे परत नकोत. यस, व्हेरी नॉलेजेबल. पुढच्या शनिवारच्या बुकिंगचंही काही बोलले. मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. मिसेस फाँग म्हणाली, ‘जागा तुझी. सोमवारपासून. आणि पुढच्या शनिवारी त्याला मराठी मंडळाचे बारा लोक पाठवायचेत, दोन व्हॅन लागतील. त्यांना तूच हवी आहेस. डोंगरावर तू केलंस तरी काय?’

काम केलं, म्हटलं.

एका दुपारीत माणसं बदलतात असं मी मानत नाही. दिगंबरराव पुण्याला जाऊन पुन्हा कुणाला तरी आडनाव विचारणार, हे मला ठाऊक आहे. पण मंडळाच्या त्या बारा जणांसमोर बोलणार मी होते, आणि पहार कोण धरणार हे विचारणारही मीच.

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, आता सरळ घरी जाऊ या, उशीर होतोय. टूर माझी होती. कोलफॅक्सच्या अलीकडे डोंगराच्या छातीवर, नदीपासून हजारेक फूट उंच, चिन्यांनीच कोरलेला रेल्वेचा आणखी एक कडा आहे. केप हॉर्न. सूर्य अजून चांगला वर होता. मी व्हॅन कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि सांगितलं, उतरा, अजून एक जागा राहिलीय.

तिघंही उतरले.