नजरेचं काम

ड्रोन उडवताना तेजलचं लक्ष हातातल्या पडद्यावर असे. आभाळाकडे बघायचं काम तिच्या वडिलांचं, सावळीरामांचं. नियमच तसा. ड्रोन नुसत्या डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे आणि माणसांच्या डोक्यावर जाता कामा नये. देवळालीकडे लष्कराची हद्द, तिकडचं तर नावही काढायचं नाही. म्हणून दर रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून त्र्यंबक रस्त्याच्या आतल्या एका माळावर येत. तेजल अधूनमधून विचारी, "बाबा?" आणि सावळीराम म्हणत, "दिसतोय."

खरं तर दिवाळीपासून तो त्यांना दिसत नव्हता. वाचनालयातल्या नोकरीत बारीक टाइप वाचून डोळे शिणले होते की मोतीबिंदू होता, कोण जाणे. दाखवायला ते गेलेच नव्हते. आवाजाच्या अंदाजाने मान वळवत. आठवडाभर बँकेतून दमून येणारी मुलगी घरात दोन शब्द बोलत नसे; इथे निदान ती त्यांना काही विचारायची. दिसत नाही म्हटलं, की ती दुसऱ्या कुणाला तरी आणणार.

आज वारा होता. आवाज केव्हाच विरला होता. सावळीरामांनी कपाळावर आडवा हात धरून एक काळा ठिपका शोधला आणि त्याच्यावरची नजर हलू दिली नाही. मान भरून आली.

"बाबा?"

"दिसतोय. माळावरच आहे."

"नक्की ना? इथे चित्र अडकतंय. तुमच्याच भरवशावर आहे मी."

"हो, हो."

ठिपक्याने पंख हलवले. घार होती ती.

सावळीरामांनी भराभर उरलेलं आभाळ धुंडाळलं. गप्प राहिलं तर कदाचित चित्र परत येईल, निभावून जाईल. तेवढ्यात टेकाडापलीकडून बायकांचा गलका ऐकू आला.

"तेजल, मला दिसत नाहीये."

"उन्हात गेला का?"

"नाही गं. मी घारीकडे बघत होतो."

तिने झटकन परतीचं बटण दाबलं. थोड्या वेळाने टेकाडावरून ड्रोन घरघरत आला आणि उतरला.

"कांद्याच्या शेतावर होता. खाली बायका काम करतायत, बाबा! कुणाच्या डोक्यात पडला असता म्हणजे? कधीपासून दिसत नाही?"

"आत्ताच..." ते अडखळले. "दिवाळीपासून."

"आणि मी आपली येड्यासारखी बाबा, बाबा करतेय!" तिने बॅटरी काढली. आवाज खाली आला. "पुढच्या रविवारी मी बँकेतल्या स्नेहाला आणते. तुम्ही आधी डोळे दाखवा."

"बरं."

"त्या बायकांना सांगून येते मी."

"तू राहू दे," सावळीराम म्हणाले. "मी जातो."

अनोळखी माणसांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. टेकाड चढेपर्यंत त्यांनी चार वाक्यं मनात जुळवली आणि तीन खोडली. बांधावर पोचले तेव्हा दम लागला होता.

"ओ बाबा, आमचा फोटू काढला काय?" एकीने खुरपं हातात धरून विचारलं. "लगनाची शूटिंग हाय का?"

"नाही. ते यंत्र तुमच्यावर यायला नको होतं. चूक माझी आहे. लक्ष ठेवायचं काम माझं, आणि मला दिसतच नव्हतं."

"मग सांगायचं ना तसं! आमची सुवर्णा लय घाबरली, पार पाटात जाऊन बसली."

"हो," सावळीराम म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं."

पाटातून उठलेल्या सुवर्णाचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं होतं. ती हसली नाही.